गुंडव्वा आणि हौदातलं पाणी

आधीच सांगून टाकतो, मी या सदरात लिहिणाऱ्यांपैकी नाही. इथले अनुभव मी आवडीनं वाचतो, पण वाचताना मनात सतत खोट काढत असतो... साक्षीदार कोण होता, उजेड किती होता, माणसानं त्या दिवशी काही घेतलं होतं का. हा धंद्याचा दोष. मी विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्या आणि जळालेले ट्रक बघायचे आणि समोरचा सांगतोय तसं खरंच झालं असेल का, ते ठरवायचं. मोडनिंबपासून मंद्रूपपर्यंत माझ्याशी शपथेवर खोटं बोललेली माणसं तुम्हाला भेटतील. त्यामुळे भुतं, करणी, संकेत असलं काही ऐकलं की मला हसूच येतं. बायको म्हणते, तुमच्यासमोर साक्षात देव उभा राहिला तरी आधी त्याचं लायसन मागाल. तर अशा माणसावर हे लिहायची पाळी आलीय.

आम्ही सोलापुरात राहतो, विजापूर रोडच्या आत एका कॉलनीत. गल्लीतलं शेवटचं घर आमचं. पुढे छोटं अंगण, अंगणात जमिनीखाली पाण्याचा हौद आणि हौदावर गंजलेलं लोखंडी झाकण. नळाचा पाइप कंपाउंडच्या भिंतीखालून येऊन या हौदात पडतो. हे एवढं नीट सांगतोय, कारण पुढे सगळं त्या झाकणापाशीच घडलं.

सोलापूरकरांना पाण्याबद्दल काही सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मधे काही दिवस टाकून येतं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही कधी येईल याचा नेम नाही. आलं की सगळी गल्ली थेट नळाला मोटर लावते. लावू नये असं सगळेच म्हणतात आणि सगळेच लावतात. ज्याची मोटर आधी सुरू झाली त्याचा हौद आधी भरतो, पण कोरड्या पाइपवर मोटर चालवली तर ती जळते. त्यामुळे बरोबर वेळेला बटण दाबणं हे आमच्याकडे मोठं कसब समजलं जातं, आणि गल्लीत ते फक्त आमच्या गुंडव्वाकडे होतं.

गुंडव्वा म्हणजे आमची कुत्री. गावठी, तांबूस, एक कान कायमचा खाली पडलेला. माझी बायको सुवर्णा अक्कलकोटची, तिची घरची बोली कन्नड. मला कन्नड येतं ते ‘बा’ आणि ‘साकु’ एवढंच, म्हणजे ‘ये’ आणि ‘पुरे’. घरात तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं. एकदा मंद्रूपला भावाच्या शेतातून येताना तिनं एक पिल्लू पदराखाली घालून आणलं आणि त्याच्याशी कन्नड सुरू केलं. मी चिडवायचो की घरात आता दोन कानडी आणि एक मराठी, मतदानाला टाकलं तर मीच पडणार. पुढे पुढे खरंच तसं झालं. पंखा किती ठेवायचा तेही त्या दोघी ठरवायच्या.

पाणी यायच्या थोडं आधी गुंडव्वा कुठंही असली तरी उठायची, अंगणात जायची, पुढच्या पायांनी ते लोखंडी झाकण खरवडायची आणि मग त्याच्यावर बसून राहायची. त्या खरखरीनं गल्ली जागी व्हायची. “गुंडव्वा बसली गं!” अशी हाक एका घरातून दुसऱ्या घरात जायची आणि मोटरी सुरू व्हायच्या. यात अमानवीय काही नव्हतं. पाण्याच्या पुढे पाइपातून हवा ढकलली जाते, तिचा बारीक आवाज तिला ऐकू येत असणार. मी हे सगळ्यांना समजावून सांगायचो. कुणी ऐकायचं नाही, कारण तोवर मोटर लावायची घाई असायची.

मग ती चुकायला लागली. पाणी नसताना झाकणापाशी जायची, बसायची, खरवडायची. थोड्या वेळानं परत तेच. लोक सवयीनं मोटरी लावायचे आणि पाइप कोरडा. शेजारच्या शकिलाआपांची मोटर त्यात जळाली. त्या भिंतीवरून म्हणाल्या, “भाईसाब, तुमारी गुंडव्वा अब झूट बोलने लगी जी.” सगळे हसले, मीही हसलो. म्हातारी झाली, कान गेले असतील, असं वाटलं.

ती आम्हाला काही सांगत नव्हती. ती तिथं लघवीला बसत होती. थेंबभर व्हायची, की ती सवयीनं माती उकरल्यासारखं पाय झाडायची, आणि ते झाकण वाजायचं. त्या थेंबात रक्त होतं. गंजलेल्या लोखंडावर ते कुणाला दिसणार? एकदा ती पांढऱ्या टॉवेलवर झोपली होती, तेव्हा सुवर्णाला तांबडा डाग दिसला. पाणी येतंय या आशेनं आख्खी गल्ली तिच्या दुखण्यावर मोटरी लावत होती.

डॉक्टरांनी आधी इन्फेक्शन धरून गोळ्या दिल्या. तिला बरं वाटलं, आम्हालाही वाटलं. गोळ्या संपल्या तसं रक्त परत सुरू झालं. मग सोनोग्राफी केली. डॉक्टर तरुण आहेत, गोल गोल बोलत नाहीत. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, “काका, ही लघवीची पिशवी. आणि हे तिच्या तोंडाशी वाढलंय ते. कॅन्सरच आहे. इथं काढता येत नाही. काढायला गेलो तर लघवीचा रस्ताच जाईल.”

“मग?” सुवर्णानं विचारलं.

“दुखणं कमी ठेवू. काही महिने चांगले काढता येतील तेवढे काढू. पण एक लक्षात ठेवा, एक दिवस लघवी पूर्ण अडेल. तेव्हा तिला तसंच ठेवू नका. लई हाल होतात.”

ते महिने आम्ही काढले. पोटात अन्न असतानाच द्यायची दुखण्याची गोळी ती भाकरी-दुधात लपवली तरी नेमकी बाहेर काढायची. मग सुवर्णा हातावर दही घेऊन, कन्नडमधून काहीतरी लाडीगोडी लावून ती चारायची. घरात टॉवेलच टॉवेल झाले. सोलापुरात राहून टॉवेलची कमी नाही, पण ते धुवायला पाणी कुठलं? आमच्या आंघोळी अर्ध्या बादलीवर आल्या आणि उरलेलं पाणी तिच्या टॉवेलांना गेलं. ओलं राहून कातडी सोलू नये म्हणून कोमट पाण्यानं पुसून खोबरेल लावायचं, पुन्हा पुन्हा बाहेर न्यायचं. ती बसायची, कुंथायची, आमच्याकडे बघायची. मी शेजारी उकिडवा बसून “हं, हं, होईल” म्हणत राहायचो. मोठमोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना घाम फोडणारा मी, एका कुत्रीच्या चमचाभर लघवीची वाट बघत बसलेला असायचो. आणि तेवढीही माझ्या हातात नव्हती.

उन्हाळ्यात एकदा ती पूर्ण अडली. डॉक्टरांनी नळी घालून मोकळी केली आणि म्हणाले, “पुढच्या वेळी नळी जाईल असं वाटत नाही. ठरवून ठेवा.” घरी आल्यावर सुवर्णा म्हणाली, “तुम्ही ठरवू नका हं. तिचं तिला ठरवू दे.” कुत्री कशी ठरवणार, असं मला वाटलं.

पुढची वेळ लवकरच आली. आदल्या रात्रीपासून एक थेंब नाही. पोट दगडासारखं झालेलं, हात लावला तरी कण्हायची. सकाळी ती उभी राहीना. दवाखान्यात नेऊन नळी पुन्हा घालून बघितली, गेली नाही. डॉक्टर म्हणाले, दुपारी घरीच येतो, शेवटचं इंजेक्शन घेऊन. मी ‘या’ म्हटलं. सुवर्णा आत जाऊन देवापुढं बसली, बराच वेळ बाहेर आली नाही.

पाण्याचं म्हणाल तर त्या आठवड्यात मोठ्या पाइपलाइनचं काम निघालं होतं. पाणी पुढे ढकललंय हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आमच्या हौदाचा तळ दिसत होता. मी सकाळीच त्यात बादली सोडली, तर नुसता गाळ वर आला होता.

दुपारी आम्ही दोघं तिच्याजवळ फरशीवर बसलो होतो. बाहेर सोलापूरचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. गुंडव्वानं एकाएकी मान उचलली. तो पडका कान हलला. आणि जी सकाळपासून पाय टेकवत नव्हती ती उठली, हेलपाटत उंबरा ओलांडून अंगणात गेली आणि झाकण खरवडायला लागली. जोरात, अगदी तरुणपणी खरवडायची तसं. मग बाजूच्या सदाफुलीच्या कुंडीपाशी जाऊन बसली आणि तिला लघवी झाली. चांगली लांब, सलग धार. रक्त नाही, काही नाही. मी इतक्या जवळ होतो की माझ्या पायावर शिंतोडे आले.

त्याच वेळी हौदात पाणी पडल्याचा आवाज आला.

सुवर्णानं झाकण सरकवलं. आमचं शेवटचं घर, मोटर न लावता इथं कधी करंगळीएवढीही धार आलेली नाही. त्या दुपारी मनगटाएवढी धार पडत होती. सुवर्णा ओरडली, “नीरु बंतु! पाणी आलं! गुंडव्वा, नीरु बंतु!” आणि रडायलाच लागली. ओरडा ऐकून गल्ली बाहेर आली, मोटरी सुरू झाल्या. कुणाच्याच नळाला एक थेंब नाही. शकिलाआपा आमच्या अंगणात येऊन हौदात वाकून बघत राहिल्या. “या अल्ला, ये कां से आरा?” एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात डॉक्टर आले. सुवर्णानं त्यांना फाटकातच गाठलं. “डॉक्टर, झाली तिला! भरपूर झाली! इंजेक्शन नको आता, घेऊन जा ते.”

डॉक्टरांनी गुंडव्वाचं पोट दाबून बघितलं. मऊ होतं. पुन्हा दाबलं. “पिशवी रिकामी आहे,” ते म्हणाले. “कशी झाली, मला सांगता येत नाही. गाठीचा तुकडा सुटला असेल कदाचित.”

“म्हणजे बरी होईल ना?”

ते खाली बघत होते. “नाही हो काकू. गाठ तिथंच आहे, माझ्या बोटाला लागतीय. उद्या नाहीतर परवा परत अडेल. परत हेच.”

माझ्या आयुष्यात मी कधी इतका लाचार झालो नव्हतो. गुंडव्वा झाकणाजवळ गार झालेल्या फरशीवर पाय पसरून पडली होती, कित्येक दिवसांनी कण्हत नव्हती. सुवर्णानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आत्ता तिला दुखत नाहीये. आत्ताच करा.” डॉक्टर इंजेक्शन देत असताना सुवर्णा तिच्या कानाशी सारखं एकच म्हणत होती, “साकु, गुंडव्वा, साकु.” तो शब्द मला कळत होता.

हौदातली धार कधी थांबली हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी कानातला स्टेथोस्कोप काढला तेव्हा अंगणात कसलाच आवाज नव्हता.

आम्ही तिला त्याच पाण्यानं आंघोळ घातली. सुवर्णाच्या माहेरच्या रीतीप्रमाणे कपाळाला विभूती लावली आणि मंद्रूपला तिच्या भावाच्या शेतात पुरलं. परत आलो तर हौद अजून भरलेलाच होता. पुढे नळाला पाणी येईपर्यंत गल्लीनं आमच्याकडून घागरी भरून नेल्या. म्हणजे हा आम्हा नवरा-बायकोचा भास नाही. त्या पाण्यावर लोकांनी स्वयंपाक केलेत.

मग माझा स्वभाव उफाळून आला. शेजाऱ्यांच्या वरच्या टाक्यांमधून पाणी उलटं आलं का ते पाहिलं. टाक्या कोरड्या होत्या. टँकर आला नव्हता. जमिनीतून पाझर फुटला म्हणावा तर पाणी पाइपातून पडताना सगळ्यांनी बघितलेलं. शेवटी पाणी सोडणारा चावीवाला सिद्राम याला गाठलं. तो म्हणाला, “सायेब, आईशप्पत, तुमच्या लाइनीची चावी म्या त्या दिशी हातात धरली न्हाय. वरच्या टाकीतच पानी नव्हतं की, सोडू कुटनं?” खोटं बोलणारी माणसं मी ओळखतो. सिद्राम खोटं बोलत नव्हता.

लघवीचं एकवेळ डॉक्टर म्हणतात तसं धरू. पाण्याचं काय? आणि दोन्ही एकाच वेळी कसं? दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मी क्लेम नाकारला असता. मला स्वतःला अजून उत्तर मिळालेलं नाही आणि खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाही.

परवा पाण्याचा दिवस होता. सुवर्णा झाकणाशेजारी पाट टाकून शेंगा फोडत बसली होती. हल्ली ती तिथंच बसते. शकिलाआपांनी भिंतीपलीकडून विचारलं, “भाईसाब, मोटर लगाऊं क्या? पानी आरा क्या?”

मी झाकणाकडे बघितलं, सुवर्णाकडे बघितलं. “माहीत नाही हो आपा,” म्हणालो. आमच्या गल्लीत आता कुणालाच माहीत नसतं.