चोरखिशात मावेल एवढं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून मी एरवी काही लपवत नाही, रक्तातली साखरसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. माझं नाव मात्र आत्ता विचारू नका. नावापाशीच तर सगळं अडलंय.

माझ्याकडे एक पिस्तूल होतं. हसू नका. नाशिकचा, शाकाहारी, सत्यनारायणाला सोवळं नेसणारा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर – आणि पँटमध्ये पिस्तूल! पण होतं. दोन वर्षं होतं.

आम्ही कुवेतला, अहमदीत राहत होतो. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं आणि आम्ही गाडीत दोन बॅगा टाकून जॉर्डनकडे निघालो. वाटेत एका नाक्यावर एका सैनिकानं माझ्या कपाळाला बंदूक लावली आणि दुसऱ्या हातानं सुनंदाच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून काढलं. मी काय केलं? हात जोडले. त्याला "शुक्रन" म्हणालो – म्हणजे धन्यवाद. गोळी घातली नाही म्हणून धन्यवाद! सुनंदा त्याबद्दल पुढे कधी एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. नाक्यावरचा तो माणूस वेगळा होता आणि ज्याचं मी वाटोळं केलं तो वेगळा.

युद्ध संपल्यावर मी एकटाच परत आलो, सुनंदा वर्षभरानं आली. क्वार्टर लुटलेलं होतं, दिव्यांची बटणंसुद्धा काढून नेली होती. पळून गेलेल्या सैन्याची हत्यारं तेव्हा गावभर पडलेली. शुवैखला एका गॅरेजमध्ये गाडीचे पोचे काढायला गेलो होतो. तिथल्या फोरमननं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आत बोलावून एका तेलकट फडक्याची गाठ सोडली. आत तीन पिस्तुलं.

मी कसं निवडलं ते सांगतो, कारण त्यात माझा सगळा स्वभाव आला. पहिलं मोठं, लष्करी. कमरेला खोचलं तर पोटात रुतायचं आणि गाडीत बसता येईना. दुसऱ्याला गोल फिरकी होती, शर्टावरून टेंगूळ दिसायचं. तिसरं चपटं, तळहाताएवढं, मुठीपाशी थोडं गंजलेलं. ते खोचलं, वर बुशशर्ट सोडला आणि गाडीच्या काचेत स्वतःला पुढून-मागून बघून घेतलं – दिवाळीचे कपडे घालून बघतात तसं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हेच द्या, म्हणालो. साधा व्हॉल्व्ह घ्यायचा तर सप्लायरला शंभर प्रश्न विचारणारा मी – हे चालतं का, एवढंही विचारलं नाही. फक्त दिसत नाही ना, एवढंच पाहिलं. मला मारायबिरायचं नव्हतंच हो. नुसतं आतून शूर वाटायला हवं होतं.

पण कुवेतचा उन्हाळा! घामानं ते कातडीला घासायचं, चट्टे उठायचे. मग मला चोरखिसा आठवला. आमचे वडील प्रवासाला निघाले की पँटला आतून चोरखिसा शिवून घ्यायचे. अहमदीच्या बाजारात सदानंद शिंप्याचं दुकान होतं. दुकान नावाला कफिलाचं, म्हणजे तिथल्या अरबी जामीनदाराचं, शिवणारे हात सदूचे. मालवणकडचा, काडीसारखा बारीक, मान सदा मशीनवर. गावी म्हातारी आई. आम्हा सगळ्या मराठी घरांचे कपडे तोच शिवायचा. मी पुठ्ठ्याचा तुकडा त्या मापानं कापून नेला आणि म्हणालो, एवढा चोरखिसा हवा, पासपोर्ट ठेवायला. त्यानं पुठ्ठा बघितला, माझ्याकडे बघितलं.

"पासपोर्ट जड आसा साहेबांचो," तो म्हणाला. "दुहेरी कापड घालतंय."

त्याला तेव्हाच कळलं होतं का? मला माहीत नाही. शिवला मात्र असा, की बाहेरून शिवण शोधून सापडू नये. त्या पँटमध्ये मी दोन वर्षं छाती काढून फिरलो.

मग सरकारनं सांगितलं, हत्यारं आणून द्या, कुणी काही विचारणार नाही. मुदत दिली. मी दिलं नाही. परक्या देशातल्या माणसाला खरंच काही विचारणार नाहीत, याची हमी कोण देणार – असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे मला ते सोडवत नव्हतं. समुद्र गाडीनं पंधरा मिनिटांवर होता. ज्याला फेकायचं असतं, तो फेकतो.

मुदत संपली. झडत्या सुरू झाल्या. आमच्या शेजारच्या गल्लीपर्यंत आल्या. आणि त्या आठवड्यात मी ती पँट झिप बदलायला सदूकडे टाकली. पिस्तूल चोरखिशातच राहिलं. विसरलो.

थांबा. हे "विसरलो" मी इतकी वर्षं स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय, की आत्ताही तेच लिहून गेलो. पाऊण किलोचं लोखंड कुणी विसरतं का? मी विसरलो नव्हतो. झिपही धड होती – सकाळी मीच पक्कडीनं तिचे दोन दात वाकवले. दुकानांच्या झडत्या होत नाहीत, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं होतं. गल्ली तपासून होईपर्यंत दोन-तीन दिवस ते दुसरीकडे असावं, एवढाच माझा हिशेब. "घाई नाही," मी सदूला म्हणालो. त्यानं पँट घेतली, हातात तोलल्यासारखी केली आणि ढिगावर ठेवली. सुट्टीवर जाणार होता तो – युद्धानंतर पहिल्यांदाच. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मे महिन्यात ऑपरेशन. हे मला माहीत होतं. पँट देताना माहीत होतं.

आमची गल्ली तपासून झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी पँट आणायला गेलो, तर दुकानासमोर पोलिसांची जीप. परत फिरावं असं वाटेपर्यंत दारातल्या शिपायानं मला पाहिलं होतं. आत टेबलावर माझी पँट, चोरखिसा उसवलेला, शेजारी ते. सदू भिंतीला टेकून उभा, गळ्यात टेप तशीच.

आता नीट ऐका, कारण इथेच ते आहे.

सदू प्रत्येक कपड्याला अस्तराच्या तुकड्याची चिठ्ठी टाचायचा. त्यावर निळ्या बॉलपेननं गिऱ्हाइकाचं नाव आणि काम. मराठीत – दुसरी लिपी त्याला येत नव्हती. अधिकाऱ्यानं ती चिठ्ठी चिमटीत धरलेली, आणि ती वाचणारं तिथे कुणी नव्हतं. सदूनं माझ्याकडे बोट केलं नाही. "ह्यांचं आहे" म्हणाला नाही. तो मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, "नाव उसपे लिखा है. ये साहब पढ़के बताएगा."

मला संधी दिली हो त्यानं. माझं मीच सांगावं म्हणून.

अधिकाऱ्यानं चिठ्ठी माझ्या हातात दिली. अक्षर गोल, सुरेख. माझं पूर्ण नाव, पुढे साहेब, खाली "झिप". मी ते वाचलं. मग वर बघितलं – सदूकडे नाही, भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे – आणि म्हणालो, "सदानंद. इसका खुद का नाम है." आणि तेवढ्यावर थांबलो नाही. अधिकाऱ्याला नीट कळावं म्हणून अरबीतही सांगितलं – खय्यात, म्हणजे शिंपी. हे शिंप्याचंच आहे. अधिकाऱ्यानं पँट सदूच्या कमरेला लावून पाहिली. तेव्हा मीही बारीक होतो. पँट बसली.

 सदू माझ्याकडे बघत होता – रागानं नाही, कापताना माप चुकलं की कापडाकडे बघायचा तसा. त्यांनी त्याला नेलं. मी घरी आलो आणि जेवलो. वरण-भात होता. दोनदा वाढून घेतलं.

त्यानं पुढे माझं नाव सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर कुणी ऐकलं नसेल. माझ्याकडे कुणी आलं नाही. मी बरेच दिवस जीपच्या आवाजानं दचकायचो, मग तेही थांबलं. गणेशोत्सवात लोक म्हणाले, या एकट्या राहणाऱ्या माणसांचा भरवसा नाही, घरात कुणाला घ्यायची सोय उरली नाही. सुनंदा म्हणाली, "मला नाही बाई खरं वाटत, सदूभाऊ असा नव्हता." आणि मी – मी तिला म्हणालो, माणसाच्या पोटात काय असतं, कुणाला कळतं!

त्याला चौदा महिन्यांनी सोडलं ते थेट विमानात बसवूनच. मी पुढे बढत्या घेतल्या, रुमैथियात मोठा फ्लॅट भाड्यानं घेतला. मुलगी झाली, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं देत मोठी झाली. कपडे तयार घ्यायला लागलो.

दोन हजार चारच्या सुट्टीत मी त्याच्या गावी गेलो. कबूल करायला गेलो होतो, खरंच. वाक्य पाठ केलं होतं. मालवणच्या बसमधून उतरून विचारत गेलो. घराच्या पडवीतच मशीन. केस पांढरे, मान तशीच. कोपऱ्यात म्हातारी बसलेली. चाहूल लागली तशी तिनं भलत्याच दिशेला तोंड केलं आणि विचारलं, "कोण इलो रे?"

"कुवेतचे साहेब," सदू म्हणाला.

म्हातारीचा एक डोळा सदू तुरुंगात असतानाच कायमचा गेला होता. दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा. हे त्यानं मी विचारल्यावर सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं. चहा दिला. माझं वाक्य घशाशी आलं आणि मी काय म्हणालो? म्हणालो, एक पँट शिवायची होती. कापड बरोबर आणलं होतं – म्हणजे बघा, पळवाट मी घरून निघतानाच बांधून घेतली होती. त्यानं माप घेतलं. कंबर मोजताना म्हणाला, "वाढलात." चोरखिशाचं त्यानं विचारलं नाही. संध्याकाळी या, म्हणाला.

संध्याकाळी पँट घडी घालून तयार होती. वर अस्तराच्या तुकड्याची चिठ्ठी टाचलेली, निळं बॉलपेन, तेच गोल अक्षर. त्यानं घडी माझ्या हातात दिली नाही. माझ्यापुढे धरली.

"वाचा बघया साहेबानू," तो म्हणाला. "बरोबर लिवलंय मां?"

म्हातारी ऐकत होती. मी वाचलं. मोठ्यानं, माझं पूर्ण नाव.  त्यानं मान हलवली, पँट दिली आणि मशीनवर दुसरं कापड ओढलं. मी पायरी उतरलो. पाठ केलेलं वाक्य तसंच तोंडात घेऊन बसमध्ये बसलो. सदू चार वर्षांपूर्वी गेला.

पिस्तूल माझं होतं. पँट माझी होती. अहमदीतल्या त्या चिठ्ठीवर सदानंद हे नाव कुठेही नव्हतं. तिथे लिहिलं होतं – प्रभाकर गजानन वैद्य साहेब. झिप.