व्याह्यांच्या मळ्यातली बाटली

घाबरण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरील असा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात नाही. उदगीरहून लातूरला निघाले की ते एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात आणि त्याला डुलकी लागू नये म्हणून त्याच्या घरादाराची चौकशी करत राहतात. या चौकशीतून एका ड्रायव्हरच्या मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी जमवलं. लग्नाला मात्र गेले नाहीत, कारण त्या दिवशी गाडीवर दुसराच ड्रायव्हर होता. गॅस बंद आहे का हे बघायला ते आपल्या धान्याच्या आडतीवरून दोनदा घरी येतात, आणि बंद दिसला की तो कुणी बंद केला असेल याची काळजी करत परततात. पण मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हाच माणूस वाघ. तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओल किती, रान कसलं, हे सांगणार. आणि स्वतः चाखल्याशिवाय मालाला बरा-वाईट शब्द काढणार नाही, माल सख्ख्या भावाचा का असेना.

या नेमानंच ते एकदा अडचणीत आले. फ्रान्समध्ये नोकरीला गेलेल्या त्यांच्या एकुलत्या मुलानं तिथल्याच शेतकऱ्याच्या मुलीशी न विचारता लग्न केलं. मामा रागावले नव्हते, समाज काय म्हणेल म्हणून घाबरले होते. त्या भीतीत फोनवर बोलून गेले, "आता हिकडं येऊ नको." दोन वर्षं तो आला नाही, फोन करायचा तो मामींना. मग गावी आलेल्या त्याच्या मित्राबरोबर लाल वाइनची बाटली आली. सोबत चिठ्ठी: सासऱ्यांच्या मळ्यातली आहे, रविवारी दुपारी ते आणि मी फोन करू, कशी लागली एवढंच ते विचारतील. दोन वर्षांत मुलानं बापाला लिहिलेलं एवढंच.

मामांनी मला बोलावलं, कारण आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. मी जन्मात वाइन चाखली नव्हती, पण बी.ए. झालेल्या माणसानं असं एकदम कबूल करायचं नसतं.

रविवारी आडतीचं शटर अर्धं ओढून आम्ही सोयाबीनच्या थप्पीमागे बसलो. मामांना समोरच्या दुकानदाराची भीती, मामींची भीती, आणि लिंगायताला दारू वर्ज्य, म्हणून गळ्यातल्या इष्टलिंगाची तर सगळ्यात मोठी. ते त्यांनी उपरण्याखाली नीट झाकलं आणि दोनदा हात जोडले. बूच निघेना, तेव्हा पोत्यातून नमुना काढायची लोखंडी नळी त्यात खुपसली, तर बूच आत पडलं. वाटीतले दोन थेंब मामांनी तळहातावर चोळले, हुंगले, उजेडात धरले. मग घोट घेतला आणि सवयीनं चावला.

त्यांचा चेहरा उतरला. "जीभ वाळायली रे. कच्चं जांभूळ, वरून सुपारी. गोडीचं नाव न्हाई."

मीही चाखली. तोंडातलं पाणी कुणी गोणपाटानं टिपून घ्यावं तसं झालं. विष चढायला किती वेळ लागतो हे मला आठवेना, तरी ठणकावून सांगितलं की ही कोरडीच असते. द्राक्षाची आन् कोरडी, हे मामांना पटेना. त्यांनी पायाची बोटं हलवून बघितली, स्वतःचं नाव तीनदा म्हणून बघितलं. सगळं शाबूत निघालं, तेव्हा दुसरा घोट घेतला, आणि डोळे मिटून तो जिभेवर घोळवला.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर उन्हानं रापलेला एक म्हातारा टोपी हातात चुरगाळत बसला होता. तोही मामांइतकाच भ्यालेला. शेजारी मुलगा, खाली बघत. सासऱ्यानं काहीतरी विचारलं, मुलानं मराठीत सांगितलं.

"त्यांना सांग," मामा म्हणाले, "माल कोरडा हाय, पण खरा हाय. कमी पाण्यावरचं पीक हाय हे. लई हाल झाले असतील."

मुलानं सांगितलं. म्हाताऱ्यानं टोपी डोळ्यांना लावली. तिकडे दोन वर्षं पाऊस नव्हता, पण कुणी साधं विचारलं नव्हतं, असं तो म्हणाला.

मामांनी वाटी खाली ठेवली, फोन तोंडाजवळ धरला. मुलाला म्हणाले, "मी भ्यालो होतो रे. सुनबाईला घिऊन ये."

मुलगा नुसतं "बघतो" म्हणाला. ते "बघतो" अजून तसंच आहे. पुन्हा विचारायची मामांची छाती होत नाही. पण रविवारी दुपारी फोन वाजला की मामी आता जागच्या उठत नाहीत. पहिल्या घंटीला मामाच उचलतात आणि तिकडे पाऊस झाला का, एवढंच विचारतात.