राणी कलरचा टीशर्ट

पोपटी रंगाचा मला राग येतो. मिरची चालते, पोपट चालतो, पण कुणाच्या अंगात पोपटी दिसलं की माझं डोकं फिरतं. घरातले हसतात. हसोत. त्या घाटात माझ्याबरोबर असते तर हसले नसते.

माझा दादा माझ्याहून बराच मोठा. वडील नोकरीसाठी कोकणातून वसईला आले आणि इथलेच झाले, त्यामुळे आम्ही दोघंही इथलेच. सायकल मला दादानेच शिकवली. तासावर भाड्याने मिळायची, मोठ्या माणसांची, तिच्या दांड्याखालून पाय घालून मी पेडल मारायचे आणि दादा मागे कॅरियर धरून धावायचा. इतरांचे भाऊ न सांगता मध्येच हात सोडायचे. हा गाढव सोडायचाच नाही! शेवटी मीच ओरडले, "सोड रे आता, मला येते!" तेव्हा कुठे सोडली. मग मी पडलेच, ते वेगळं. पडले की तो खिशातून रुमाल काढून आधी माझं तोंड पुसायचा, मग गुडघा बघायचा. मी म्हणायचे, तोंडाला काय झालंय? तो म्हणायचा, रडकं तोंड आधी.

कॉलेजात असताना तो मित्रांबरोबर सायकलने त्र्यंबकला गेला होता. काळ्या, लोखंडी, जड सायकली. मोखाड्याच्या पुढचा घाट त्यांना काही चढवेना. सगळा घाट सायकल ढकलत चालत गेले. "सायकलने मला नेलं नाही, मीच सायकलला नेलं," असं तो आयुष्यभर सांगत आला. सांगताना हसायचा, पण ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. एकदा तरी पाय न टेकता तो घाट चढायचा, एवढंच त्याचं म्हणणं. मग नोकरी, संसार, गोखिवऱ्याचा फ्लॅट, मुलीचं लग्न. घाट राहिला.

निवृत्त झाला आणि डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू हळूहळू खातो, कडेकडेने. मी एकदा विचारलं, तुला नेमकं कसं दिसतं रे? तर म्हणाला, "मूठ डोळ्याला लाव आणि पोकळीतून बघ. आता मूठ आवळत जा." मी करून बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं.

त्यानंतर महिन्याभरात या पठ्ठ्याने सायकल टूरची जाहिरात शोधून काढली. जव्हार, खोडाळा, सूर्यमाळ, मोखाडा आणि शेवटच्या दिवशी त्र्यंबकचा घाट. पुढे लीडर, मागे सामान घेऊन गाडी, रात्री राहायची सोय. वहिनीने आकाशपाताळ एक केलं. दोन दिवस घरात भांडी आपटत होती. शेवटी मला फोन करून म्हणाली, "तू त्याच्या पुढे राहणार असशील तरच पाठवते. आणि जसा नेशील तसा परत आण."

आता वसईत चढ शोधायचा म्हणजे कप्पाळ! इथे खाचरं, मिठागरं आणि समुद्र, सगळं ताटासारखं सपाट. शेवटी आम्ही रेल्वेवरचा पूल धरला. उजाडल्या उजाडल्या, वर्दळ सुरू व्हायच्या आत, पुलावर चढायचं, पलीकडे उतरायचं, वळायचं, परत चढायचं. नाक्यावरचा एक रिक्षावाला रोज बघायचा. एक दिवस न राहवून म्हणाला, "काका, पुलावर काय हरवलंय काय? सांगा, मी पण शोधतो." दादा म्हणाला, "घाट हरवलाय."

आणि मी तुळिंजच्या बाजारातून राणी कलरचा टीशर्ट आणला. एवढा भडक की दुकानातच माझ्या नवऱ्याने मान फिरवली. तो घालून मी पुढे, दादा मागे. त्याच्या मुठीएवढ्या जगात तो रंग बरोबर मावायचा. "मला बाकी दिसो न दिसो," म्हणायचा, "राणी कलर दिसतो." वर मी ओरडत असायचे. खड्डा! रेती! कुत्रा! रविवारी अर्नाळ्यापर्यंत जायचो.

"बोंबील उजवीकडे सुकत घातलेत ना गं?"

"डावीकडे."

"मग वारा फिरलाय."

इतकी मजा मला लग्नानंतर कधी आली नव्हती. खरंच सांगते.

टूरवाल्यांना डोळ्यांचं सांगायचं नाही, असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं. सांगितलं असतं तर नेलंच नसतं. थंडीचे दिवस होते. मनोरला सगळे जमलो. लीडर नाशिककडचा, तिशीचा, उन्हाने रापलेला, गोड बोलणारा पण आपल्याच तालात चालणारा. त्याने पिशव्या वाटल्या. उघडून बघते तर जर्सी. पोपटी. सगळ्यांना एकसारखी. घाटात ट्रकवाल्यांना लांबून दिसतं आणि आपला माणूस ओळखू येतो, म्हणून ती घालायचीच, असा त्यांचा नियम.

मी दादाकडे बघितलं. त्याने पिशवीत हात घालून कापड चाचपलं आणि विचारलं, "कुठला रंग?"

"पोपटी. सगळ्यांना."

मी लीडरला म्हटलं, मला माझाच टीशर्ट घालायचाय. तो म्हणाला, "काकू, फोटोत छान दिसतं हो एकसारखं." डोंबल फोटो! मी राणी टीशर्ट कमरेला बांधला, तर तो म्हणाला, लोंबतं कापड चाकात जातं, आणि त्याने स्वतः सोडवून, घडी करून गाडीत ठेवला. कारण सांगितलं असतं तर टूर तिथेच संपली असती. दादाने माझ्या कोपराला चिमटा काढला, म्हणजे गप्प बस.

मग राहिला फक्त माझा आवाज. पहिले दोन दिवस मी अशी ओरडत होते की पुण्याची एक मुलगी, माझी खोलीतली जोडीदार, मला म्हणाली, "मावशी, तुम्ही कॉमेंट्री मस्त करता." माझ्याच उंचीची, माझ्यासारखीच बारकी पोरगी. हेल्मेट आणि गॉगल चढवला, तोंडाला रुमाल बांधला की तिच्यात आणि माझ्यात काही फरक नव्हता. आम्ही त्यावरून हसलोसुद्धा होतो.

तिसऱ्या दिवशी सूर्यमाळचा उतार लागला आणि माझं चाक पंक्चर झालं. मी कडेला थांबले. "दादा, थांब!" मी मागे वळून जीव तोडून ओरडले, पण वारा समोरून होता, आवाज माझ्याच तोंडात परत आला. तो माझ्या शेजारून गेला. पुढे एक पोपटी पाठ होती, तिच्या मागे गेला. ती लीडरची होती. पोरांना सावकाश उतरवायला तो पुढे हळू चालला होता.

मी तिथे रस्त्यावर उभी, चाक हातात. मागून गाडी येईपर्यंत मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

खाली पोचले तर दादा चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलेला, धडधाकट. मी धावत गेले. त्याने मान वर केली नाही. लीडर मला बाजूला घेऊन गेला आणि त्याने सगळं सांगितलं. संपूर्ण उतार काका त्याच्या पाठीशी बोलत आले होते. मीच आहे असं समजून. "डावीकडचं आता काहीच दिसत नाही गं. तुझ्या वहिनीला सांगू नकोस. तुला पण सांगणार नव्हतो, पण आज गप्प का आहेस म्हणून सांगतो. उद्याचा घाट तेवढा होऊ दे. मग सायकल देऊन टाकतो कुणाला तरी." लीडरने आवाज केला नाही. दचकून काका पडले असते. वेग कमी कमी करत त्यांना खाली आणलं, आणि थांबल्यावर हेल्मेट काढून म्हणाला, "काका, मी ताई नाही."

"ताई," मला म्हणाला, त्या दिवसापासून काकूची ताई झाले, "काका उद्या गाडीत."

मी त्याच्यावर तुटून पडले. काय काय बोलले! तू कालचा पोरगा, तुला काय कळतं, माणूस जन्मभर या एका घाटासाठी थांबलाय, मी पुढे राहते, राणी टीशर्ट घालते, हळू चढतो, तू मागे राहा, गाडी शेजारी ठेव. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "ताई, चढताना दरी डावीकडे आहे."

भांडायला तरी काहीतरी लागतं.

दादा भांडला नाही. मला तेच जास्त लागलं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं मला. संध्याकाळी त्याने माझी सायकल उलटी करून चेनला तेल दिलं, बोटांनी चाचपत, एकेक कडी. पुण्याची मुलगी बाजूला बसून बघत होती. मी तिला सगळं सांगितलं होतं, सांगताना मला हुंदकाही आवरला नव्हता. तेल देऊन झाल्यावर दादा म्हणाला, "उद्या तू चढ. पाय टेकायचा नाहीस."

"मला नाही जमणार रे. मी पण गाडीत बसते."

"गाडीत बसलीस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी," म्हणाला. मग हसला. "पुलावर चढायचीस ना? तसे पूल मोजत जा."

सकाळी लीडर स्वतःहून माझा राणी टीशर्ट घेऊन आला. म्हणाला, "आज हा घाला." मी घातला नाही. ज्याच्यासाठी घालायचा तो गाडीत बसणार होता. मी पोपटीच घातली, आणि त्या निर्णयाचं मला पुढे काय वाटलं ते शेवटी येईलच.

घाटाबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण मी घाट बघितलाच नाही. पुढचं चाक बघत होते. मांड्या पेटल्या होत्या, छाती फुटायला आली होती. एका वळणावर वरून एसटी आली आणि मला कडेला दाबलं, सायकल डगमगली, डावा पाय पेडलवरून सुटला. खाली दरी. पाय हवेत लोंबकळला आणि मी त्याला शिव्या दिल्या, पायाला, मोठमोठ्याने, आणि तो परत पेडलवर आला. टेकला नाही. तेव्हा मला कळलं की दादाला गाडीत बसवलं ते बरोबर होतं, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटलं की उरलेला घाट मी रडतच चढले. गाडी मागून येत होती. तिच्या खिडकीतून तो माझी पाठ शोधत असणार, असं मला सारखं वाटत होतं. समोर पोपटी पाठींची रांग होती आणि त्यातली एक मी.

वर पोचले. सायकल झाडाला टेकवली आणि आधी पाय बघितले. चढले होते. मी चढले होते! या वयात, वसईची, ताटासारख्या गावातली बाई. मागोमाग गाडी आली. ऊन बरोबर समोरून होतं, आणि समोरच्या उन्हात दादाला राणी कलर सोडला तर सगळं पांढरं दिसतं, हे मला माहीत होतं. तो दार धरून उतरला आणि हात पुढे करून, पाय चाचपत, आमच्याकडे यायला लागला. मी पुढे झाले. पण माझ्या आणि त्याच्या मध्ये पुण्याची मुलगी उभी होती, नुकतीच पोचलेली, तोंडाला रुमाल, डोळ्यांवर गॉगल.

तो तिच्यापाशी थांबला. दोन्ही हातांनी तिचं हेल्मेट धरलं.

"टेकलास का पाय?"

ती मुलगी दगडासारखी उभी. तिने गॉगलमधून माझ्याकडे बघितलं. "दादा, मी इकडे आहे," एवढं म्हणणं काय अवघड होतं? पण काल टपरीवर बसला होता तसा त्याचा चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. दोन दिवसांत दोनदा नाही. मी तिच्या मागे गेले, तिच्या खांद्याशी तोंड नेलं आणि म्हटलं, "नाही रे दादा. एकदाही नाही."

"शाब्बास!" तो इतका मोठ्याने ओरडला की सगळे वळले. "मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हाही तूच म्हणाली होतीस, सोड आता, मला येते. माझाच हात सुटत नव्हता." त्याने खिशातून रुमाल काढला, तिच्या तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि तिचं तोंड पुसायला लागला. गाल, हनुवटी, गॉगलच्या खालून. बोटांना ओलं लागलं असणार.

"अगं रडतेस काय, वेडे? झालं ना? आपला घाट झाला."

"हो रे," मी मागून म्हटलं. "झाला."

रडत ती होती. मी तिच्या खांद्याआड उभी राहून त्याच्याशी बोलत राहिले, पुलाचं, एसटीचं, पायाला दिलेल्या शिव्यांचं, जे सुचेल ते. थांबले असते तर त्याला कळलं असतं.