तुटलं, सांधायला ये

सूतगिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. पण त्या यंत्रांनी बहिरे केलेले कान कुणाच्या खात्यावर मांडायचे, सांगता का?

मी युनियनच्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर बाराखडी गिरवलेली मुलगी. पत्रकं वडील लिहायचे. त्यामुळे असे प्रश्न मला जेवतानाही पडतात. आई म्हणते, "आधी भाकरी खा, मग घोषणा दे." कान आईचेच गेलेत. बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या गिरणीत, रिंग खात्यात तिची उमेदीची वर्षं गेली. फिरत्या चात्यांवरचा धागा तुटला की तो सांधायचा, हे तिचं काम.

त्या गिरणीचं आता मंगल कार्यालय झालंय. भिंती गुलाबी, फाटकावर प्लास्टरचे हत्ती. त्या गुलाबी रंगाविरुद्ध मी मनात कितीतरी पत्रकं छापली. जुनी कामगार मंडळी मात्र अजून गिरणीतल्या खात्यांच्या नावानंच सांगतात, "लगीन रिंग खात्यात, जेवण कार्डिंगात."

यंदा माझ्या मामेबहिणीचं लग्न तिथंच ठरलं. मुलगी कोऱ्हाळ्याची, मुलगा वरकुट्याचा. आई अडून बसली. "मी न्हाय यायची. लोकं बोलत्यात, मी नुसती हसते. येडी दिसते." हळूहळू तिनं सगळीकडचं जाणं-येणं तोडलं होतं. ती अशीच घरात मिटून जाईल, याची मला भीती वाटत होती. "लग्नाला नको येऊ, तुझं रिंग खातं बघायला चल," म्हणून तिला नेलं.

पत्र्याखाली डीजे असा दणाणत होता की शेजारच्याचं शेजारच्याला कळेना. सगळा मांडव बहिरा. आणि माझ्या आईला एकदम कंठ फुटला. कंठ म्हणजे हात.

समोर कार्डिंगच्या दारात खाला उभी होती. आईच्या शेजारच्या मशीनवरची मैत्रीण. मी तिला लहानपणापासून खाला म्हणते. गिरणीच्या आवाजात माणसाचा आवाज पोचायचा नाही, म्हणून या बायकांनी खुणांची बोली केली होती. ओठावर मिशी पिळली की साहेब आला. पोटावर मूठ फिरवली की डबा खायला चल. दोघी मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मनसोक्त बोलत सुटल्या.

इतक्यात नवरीच्या मुंडावळ्यांचा दोरा तुटला. आई नवरीजवळच होती. तिनं खालाकडे बघत जुळवलेली दोन बोटं फटकन वेगळी केली: तुटलं. मग अंगठा बोटावर घोळवला: सांधायला ये.

पण वराकडच्या बाजूला वरकुट्याची, याच गिरणीतली आणखी एक बाई बसली होती. नेमका मधे कुणाचा तरी फेटा आला आणि तिला अर्धीच खूण दिसली. ती नवऱ्यामुलाच्या चुलत्याच्या कानात ओरडली, "तात्या, तुटलं म्हणत्यात!"

"काय तुटलं?"

"आता लग्नात दुसरं काय तुटतंय?"

तात्या ताडकन उठले. हात वर करून त्यांनी डीजे बंद करवला आणि त्या शांततेत गरजले, "आमच्या पोरात काय खोट हाय, ती तरी सांगा!"

खाला तोवर नवरीपाशी पोचली होती. दोऱ्याचं एक टोक दातात धरून तिनं गाठ मारली आणि म्हणाली, "तात्या, दोरा तुटला व्हता. सांधला. बसा खाली, फेटा सांभाळा."

मांडव फुटला हसून. आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिनं हातानंच विचारलं, काय झालं? खालानं सगळं हातांनीच सांगितलं, तात्यांच्या डोळ्यांसकट. आई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. येडी अजिबात दिसली नाही.

परतताना गाडीवर मागून तिनं विचारलं, "आता हितं पुढचं लगीन कुणाचं हाय गं?"

गुलाबी रंगाविरुद्धची पत्रकं मी गिळली. कानांचा प्रश्न नाही गिळला. तो मी विचारत राहणार! पण उत्तर येईस्तोवर आईनं गप्प का बसावं? आणि मला तर तिच्या बोलीतल्या चारदोन खुणाच येतात.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत गिरणीत राबलेलं कुणी असेल तर आजच त्यांच्यासमोर बसा. ओरडू नका. तोंड मिटा, हात पुढे करा आणि एक खूण शिकून घ्या.