लिचीचे डोळे आणि आगळाची बाटली

इथे परदेशात आमच्या वरच्या मजल्यावरच्या पुणेकरणीवर मी जळायचे. तिचा फ्लॅट आमच्याएवढाच, नवरा माझ्या नवऱ्याबरोबर एकाच बसने गॅस प्लांटला जाणारा, आणि स्वयंपाक, खरं सांगते, माझ्यापेक्षा बेताचाच. पण माझी नऊ वर्षांची लेक शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर फेकून थेट वर पळायची. दिवसभर मावशी असं म्हणते आणि मावशी तसं करते. बाईंचा मुलगा पुण्याला कॉलेजात, त्यामुळे हात मोकळे आणि हौस दांडगी.

हॅलोविनला तर विचारूच नका. आमच्या बिल्डिंगमधली दहा-बारा पोरं तिच्याकडे जमायची आणि ती त्यांना भुताटकीचं सरबत पाजायची. मूळ सामान डब्यातल्या फळांचं. लिचीचे डबे उघडायचे, पाक जगमध्ये ओतून त्यात गुलाबाचं सरबत मिसळायचं, ते रक्त, आणि प्रत्येक लिचीच्या भोकात एकेक काळं द्राक्ष खुपसायचं. झाला डोळा. पीचच्या फोडी ग्लासच्या काठावर लटकवायच्या, त्या जिभा. डॉक्टरी हातमोज्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं, की जगमध्ये तरंगायला बर्फाचा पंजा तयार. मला ते बघून शिसारी यायची, पण माझी लेक दोन तास तिच्या ओट्याशी उभी राहून द्राक्षं खुपसायची. एका वर्षी त्याच आठवड्यात मी दिवाळीच्या करंज्या करत होते. कडा कातायला हाक मारली तर म्हणाली, "आई, आय हॅव होमवर्क." मी एकटीने चाळीस करंज्या कातल्या आणि चाळीसही वेळा चरफडले.

त्या वर्षी पार्टीच्या आदल्या दिवशी ती बाई खाली आली. "अगं, तुझ्याकडे गावचं कोकम सरबत असतं ना? दे की थोडं. गुलाबाच्या सरबताने रक्त गुलाबीच दिसतं. तुझ्या लेकीनेच सुचवलं हो, फार हुशार आहे पोर."

माझीच पोर, माझंच कोकम, आणि कौतुक वरच्या मजल्यावर. आमच्या घरात उन्हाळाभर मी सरबताचे ग्लास पुढे करायचे, तेव्हा लेक नाक मुरडायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

माझी आई दरवर्षी सावंतवाडीहून दोन बाटल्या पाठवते. एकीत साखरेतलं कोकम सरबत, दुसरीत सोलकढीसाठी आगळ. आगळ म्हणजे कोकमाचा नुसता मीठ घातलेला रस, चमचाभर टाकला तरी वाटीभर कढी आंबट-खारट होते. दोन्हींचा रंग सारखाच, बाटल्याही सारख्याच, त्यावर चिठ्ठी नाही. पण बाटली आडवी केली की पाक जड सरकतो आणि आगळ पाण्यासारखं धावतं. कोकणातल्या बाईला ते डोळे मिटूनही कळतं. मलाही कळलं. मी धावणारी बाटली तिच्या हातात दिली. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की घाईत चुकून दिली. खोटं आहे ते.

चाखल्यावर तिला कळेल, फार तर पुन्हा खाली येईल, असं मी मनाशी म्हटलं. पण तिच्या सासूबाईंचं वळण कडक. दुसऱ्याला द्यायचं ते आधी चाखायचं नाही, उष्टं होतं. हा नियम त्या बाईने भुताच्या सरबतालाही लावला.

संध्याकाळी मीही वर गेले. कशाला गेले, तर बघायला. काळे झगे घातलेली पोरं रांगेत उभी होती, ग्लासांतल्या लालभडक रसात पांढरे डोळे तरंगत होते, आणि ती बाई खुशीत होती. पोरांनी घोट घेतला मात्र, एकाने परत ग्लासातच थुंकलं, दुसरा बेसिनकडे पळाला, बाकीची "यक्, यक्" करत तोंडं पुसायला लागली. तिने स्वतः एक घोट घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"खारट झालंय गं," ती मला म्हणाली. "मीठ कुठून पडलं? माझंच काहीतरी चुकलं."

माझ्यावर तिला शंकासुद्धा आली नाही. मला आत कुठेतरी गारच वाटलं, ते का लपवू?

माझी लेक ग्लास हातात धरून उभी होती. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा सोलकढी होते, तिने पहिल्या घोटाला ओळखलं होतं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, चांगलं टक लावून. मग मावशीकडे वळली आणि सगळा ग्लास एका दमात प्यायली. तळाचा डोळाही चावून खाल्ला.

"इट्स परफेक्ट, मावशी," ती म्हणाली. "रिअल ब्लड इज सॉल्टी."

पोरांना ते एकदम पटलं. बेसिनकडे पळालेलासुद्धा परत आला, कोण जास्त रक्त पितं याची पैज लागली, आणि पुणेकरणीने माझ्या लेकीला जवळ घेऊन तिच्या केसांवर ओठ टेकले.

आमटीत मीठ जरा पुढे गेलं तर हीच पोर माझ्यासमोर ताट सरकवते.

जिना उतरताना ती माझा हात न धरता चालत होती. आमच्या दाराशी थांबून म्हणाली, "शी वॉज अबाउट टु क्राय, आई."

मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. त्या क्षणी मनात एवढंच आलं, की माझे डोळे भरले असते तर हिने तो ग्लास संपवला असता का. मी कुलूप उघडलं आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.