हलगी आणि काकांचा आवाज

उसाच्या पाचटाचा धूर नाकात गेला की माझं डोकं अजून फिरतं. लोहा गावी चुलतबहिणीच्या लग्नात हलगीवाल्यांनी असाच जाळ करून हलग्या शेकल्या होत्या. कातडं ताणलं, पहिली थाप कडाडली, मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, तोच काका ओरडले, “बंद करा ते. फोटो निघाले, डीजे येऊन राहिला.” म्हातारा हलगीवाला एवढंच बोलला, “नुसत्या फोटोसाठी होतं, तर तापवायला कामून लावली, मालक?” मी त्यांना गोठ्यामागं नेलं, पुन्हा जाळ केला आणि सगळं वाजवून घेतलं. काकांच्या ओरडण्यासकट ते रेकॉर्डिंग म्हणजेच माझ्या पॉडकास्टचा पहिला भाग. काका आजही म्हणतात, माझा आवाज काढ त्यातून. न्हाई काढला. आता प्रत्येक भाग त्यांच्याच ओरडण्यानं सुरू होतो, आणि मग हलगी वाजते.