नानांनी बसवलेलं पाणी

पंपवाले नाना पाणी प्यायच्या आधी त्याचा वास घेत. पेला तोंडाशी नेऊन थांबत, डोळे मिटत आणि मगच घोट घेत. चहाची टपरी असो, कुणाचं लग्न असो, यात खंड नसे. किन्हवलीत नवखा माणूस हसायचा. गावातले हसत नसत. नाना सांगत, "हे कालचं पानी," किंवा "ही हीर लय दिवस उपसली नाय," आणि चौकशी केली की ते खरं निघे. गावच्या पाणी योजनेचा पंप त्यांनी उभं आयुष्य चालवला. टाकीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची हेही ते मापापेक्षा नाकानं ठरवत. काम सुटल्यावरसुद्धा सकाळी नळावर बायका हंडा लावण्याआधी विचारत, "नाना, आज पानी कसं हाय?" नाना ओंजळभर घेऊन हुंगत आणि म्हणत, "भरा गो, चांगलं हाय." मग नळावर भांडी वाजायला लागत.

त्या नळासमोरच माझं औषधांचं दुकान. दुकानाबाहेरच्या बाकावर नानांची बैठक. ते मला डाक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही, हे मी सुरुवातीला खूपदा सांगून पाहिलं. "गोल्या कोन देतो? तुमी. मग झालं तर," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

काचेच्या पेटीत झिंगे पाळायचं वेड मी मोबाइलवर बघून घेतलं. गोड्या पाण्यातले, नखाएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे झिंगे. मी कल्याणहून दोन फुटांची पेटी आणली आणि काउंटरवर ठेवली. नाना बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे झिंगे खायचे नाय?"

"नाही नाना. बघायचे."

"आमी डोलखांबच्या वढ्यात पानांखाली हात घातला की मूठभर यायचे. ते तुमी काचंत ठेवनार, आनि वरनं त्यांनाच खायला घालनार?" ते खोकला येईपर्यंत हसले. मग पेटीतला स्पंज लावलेला अंगठ्याएवढा पंप उचलून त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "आनि ह्याला आपरेटर कोन?"

आपरेटर तेच झाले. नदीची वाळू त्यांनी सात पाण्यांतून धुतली. दगड आणले, शेवाळाचा झुबका आणला, बदामाची वाळकी पानं आणली. मी म्हटलं, झिंगे पान खातात का? "पान नाय खात. पान कुजलं की त्याच्यावर बुलबुलीत थर येतो, तो खातात. तो यायला टाइम लागतो." पेटी तयार झाली त्याच दिवशी मला झिंगे सोडायचे होते. नाना म्हणाले, "पानी बसू द्या."

हे त्यांचं आवडतं वाक्य. पाणी बसणं म्हणजे गाळ खाली जाणं एवढंच नव्हे. नवं पाणी त्यांच्या मते नव्या सुनेसारखं बावरलेलं असतं, त्याला घराची सवय व्हावी लागते. महिनाभर पेटीत फक्त पाणी, वाळू आणि पानं होती. गिऱ्हाइकं विचारत, "यात काय हाय?" नाना बाकावरून उत्तर देत, "पानी हाय. दिसत नाय?"

मग एका सकाळी ते डोळखांबच्या बसमधून उतरले, हातात तोंडाला फडकं बांधलेली बरणी. त्यात त्यांच्या पाड्याखालच्या ओढ्यातले तीसेक झिंगे. बरणी पेटीत ओतायला मी हात पुढे केला तर त्यांनी मनगट धरलं. पेटीतलं पाणी चमच्या-चमच्यानं बरणीत घालत ते दुपारपर्यंत बसले. झिंगे सुटले, पानांवर बसले आणि इवल्या हातांनी काहीतरी वेचून तोंडात घालू लागले. नाना पेटीला नाक लावून म्हणाले, "बगा डाक्टर, आमचे लोक जेवायला बसले."

त्यानंतर एकच नियम होता. पेटीतलं पाणी आटलं की नाना त्यांच्या प्लॅस्टिकच्या बादलीत, वर फडकं टाकून, दोन दिवस बसवलेलं पाणी आणत आणि वाटीवाटीनं घालत. दुसरं पाणी घालायचं नाही.

नियम मी मोडला. मे महिना होता. डोंबिवलीहून मेव्हणा येणार होता आणि त्याला मला पेटी दाखवायची होती. पाणी चार बोटं उतरलेलं. नानांची बादली अजून बसत होती. घरात वडिलांच्या वेळचा तांब्याचा हंडा आहे. पाहुणे येणार म्हणून बायकोनं तो चिंचेनं घासून लखलखीत केला होता आणि रात्रभर भरून ठेवला होता. तांब्यातल्या पाण्याइतकं शुद्ध काय असणार? आम्ही लहानपणापासून तेच प्यायलो. सकाळी मी ते पेटीत ओतलं, काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी, मेव्हणा आणि त्याची मंडळी दुकानात उभी असताना, झिंगे पांढरे-गुलाबी पडून वाळूवर आडवे झाले होते. उकडल्यासारखे. एकही हलत नव्हता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी दुसऱ्यावर ढकलतो. हा माझा जुना दोष आहे. नाना बसवलेल्या पाण्याची बादली घेऊन दारात उभे होते. नळावर पाच-सहा बायका होत्या.

"नाना, मागच्या खेपेला तुम्ही आणलेलं पाणी पावडरचं होतं," मी म्हणालो.

त्यांनी वाकून पेटीचा वास घेतला. "पावडर नाय, डाक्टर. काय तरी येगलं हाय."

"तुम्हाला कळणार कसं? नाक गेलं तुमचं वयानं."

नाना सरळ झाले. बादली उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी नळावर नेहमीचा प्रश्न आला. नाना म्हणाले, "माजं नाक गेलंय गो. तुमचं तुमी बगा." बायकांना वाटलं थट्टा आहे. चार दिवसांनी कुणी विचारेनासं झालं. पावसाळ्याच्या तोंडावर नाना मुरबाडच्या बाजूला, वैशाखऱ्याला, लेकीकडे राहायला गेले. वय झालं, एकटा माणूस, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

त्याच सुमारास, ज्याच्याकडून पेटी घेतली त्या कल्याणच्या दुकानदाराला मी झिंग्यांचं सांगितलं. त्यानं विचारलं, "तांब्याचं भांडं वापरलंत का? माणसाला चालतं. झिंग्याला विष आहे ते." मी औषधं विकणारा माणूस. तांब्याची फवारणी पिकावरची बुरशी मारते हे मला पाठ होतं. घरच्या हंड्याच्या बाबतीत ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कळलं तेव्हा तरी लगेच वैशाखऱ्याला जायला हवं होतं. मी गेलो नाही. पाऊस आहे, दुकानात कुणी नाही, अशी कारणं शोधत राहिलो. गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी लाज बसू देईना तेव्हा उठलो.

नाना ओटीवर बसले होते. लेकीनं पाणी आणलं. नानांनीही पेला घेतला आणि सरळ तोंडाला लावला, घटाघटा प्यायले. मला ते बघवलं नाही. मी एका दमात सगळं सांगितलं. हंडा, चिंच, कल्याणचा दुकानदार.

त्यांनी रिकामा पेला ओटीवर ठेवला.

"म्हंजे पावडर नव्हती."

"नव्हती नाना. तुम्ही बरोबर होता."

"चार म्हैने, डाक्टर," ते सावकाश म्हणाले. "चार म्हैने मी पानी नुसतं प्यालो."

मी पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय ओढून घेतले. "हितं मला सांगून काय उपेग? नलावर बोललात ना? नलावर सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळावर गर्दी असताना, मी काउंटरमागून बाहेर आलो आणि सांगितलं. मग एक काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आनि आमी त्या म्हाताऱ्याला विचारायचं सोडलं! डाक्टर, गोल्या तरी बघून देता ना?" सगळ्या हसल्या. ते हसणं मला हवंच होतं. त्या आठवड्यात दोघी-तिघी वैशाखऱ्याला जाऊन नानांना भेटून आल्या. नाना परत आले नाहीत. पण लेकीच्या हाती त्यांनी त्यांची बादली आणि फडकं पाठवलं.

पेटी मी पुन्हा लावली, महिनाभर पाणी बसू दिलं आणि नानांच्या पाड्याखालच्या ओढ्यातून झिंगे आणून सोडले. नाना पुढच्या उन्हाळ्यात गेले. शेवटी लेकीनं तोंडाशी पाण्याचा चमचा नेला तेव्हा त्यांनी आधी हुंगला, असं तिनं सांगितलं.

आता पेटीत नाना म्हणायचे तसे त्यांच्या ओढ्यातले लोक आहेत, त्यांची पिल्लं आहेत. दर दोन दिवसांनी मी बादलीवरचं फडकं काढतो, वाकतो आणि डोळे मिटून वास घेतो. मला अजून कसलाही वास येत नाही. थोडा वेळ तसाच थांबतो, मग वाटीवाटीनं पाणी घालतो.